शंभर टक्क्यांबाहेरची एकोणीस मुलं

प्रिय धाकटे,

प्रिय लिहिलंय ते हाताला सवय आहे म्हणून. खुशाली विचारत नाही. तुझा सत्काराचा फोटो पाहिला. शंभर टक्के लसीकरणाचं सन्मानपत्र छातीशी धरून अशी उभी आहेस, जणू एकेका मुलाला तूच कडेवर घेऊन आली होतीस. आईनं तो फोटो शेजारीपाजारी फिरवून आणला. मी गप्प बसले, तिथंच चुकलं माझं.

ते शंभर टक्के कसे झाले, हे आपण दोघीच जाणतो. तू आरोग्य केंद्राची प्रमुख, मी तिथली नर्स. लस बुधवारी, दहा ते बारा. कपड्यांच्या कारखान्यामागच्या गल्लीतल्या आया त्या वेळी शिलाई मशीनवर बसलेल्या, येणार कशा? मग मी दारं ठोठावत फिरायची, कुलपं बघून परत यायची, आणि तू थंडपणे सांगायचीस, ताई, दोनदा कुलूप म्हणजे घर सोडून गेले, नाव काढून टाक. मूल यादीतच नाही म्हटल्यावर लसीवाचून राहिलं कोण? मी किती वेळा म्हटलं, एक दिवस संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी टेबल टाकू, सुटल्या सुटल्या आया पोरांना घेऊन येतील. तू हसलीस. आकडा पुरा झालाय, आता नसती उठाठेव कशाला, म्हणालीस. लहानपणीही सगळा पसारा पलंगाखाली ढकलून शाबासकी तूच घ्यायचीस.

परवा कारखान्यात बटणं लावणारीची पोर गोवरानं दवाखान्यात भरती झाली. दीड वर्षाची. डोळे चिकटलेले, श्वासाला धाप. मी बघायला गेले तर तिची आई म्हणाली, बाई, आम्ही कुठं गेलो नव्हतो हो, कामावर गेलो होतो. तिच्या पोरीचं नावही मीच खोडलं होतं. तुझा संताप येतो मला, आणि तुझं ऐकलं म्हणून स्वतःचा त्याहून जास्त. काल संध्याकाळी त्या गल्लीत गेले. कुलपं निघालेली, आणि आपण यादीतून घालवून दिलेली बाकीची एकोणीस पोरं दारादारात खेळत होती.

उद्या सकाळी त्यांची नावं-पत्ते घेऊन मी तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाते आहे. संध्याकाळच्या टेबलाची परवानगीही त्यांच्याकडूनच घेईन. तुला आधी कळवतेय ते सारवासारव करायला वेळ मिळावा म्हणून नव्हे. पाठीमागून वार केला असं म्हणायला तुला जागा नको. तू सांगशील, नावं खोडलीत ती ताईच्याच हातानं. खुशाल सांग. माझ्या कबुलीजबाबातलं पहिलं वाक्य तेच आहे.

तुझीच, बहीण बदलता येत नाही म्हणून,
ताई