पिल्लाच्या दुधातली पावडर

डॉक्टरीणबाई,

मी जरा बाहेर जाऊन येतो. पिल्लू झोपलंय, उठवू नकोस.

कुत्र्याच्या वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम द्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस. तरी तुझी पाठ वळली की मी दुधात चमचाभर पावडर ढकलायचो. म्हटलं, पाय भक्कम होतील. आज बघतो तर लंगडतंय, पुढचे पाय वाकलेत.

तुझ्या दवाखान्यात यायला तोंड नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. पावडर बंद केली तर सुधारेल म्हणाले. मग विचारलं, "घरात कुणी सांगणारं नव्हतं का?"

मी "नाही" म्हणालो.

मान वर केली, तर भिंतीवर त्यांच्या कॉलेजच्या वर्गाचा फोटो. पुढच्याच रांगेत तू हसत होतीस.

बाबा