वखारीची दारं

आप्पा, त्या सकाळी मी शेणाच्या तीन पाट्या डोक्यावरून आणल्या, विहिरीचं पाणी ओढलं आणि वखारीच्या मागच्या भिंतीपासून सारवायला बसले. पावसाने जरा उघडीप दिली होती, म्हणून तुम्ही शिडीवर चढून गळक्या पत्र्यांना डांबर लावत होता. वरूनच म्हणालात, "हात जड टाकू नकोस. पातळ ओढ. श्रावण आहे, सुकायला दोन दिवस लागतील." मी मान हलवली. तेरा-चौदा वर्षांची असेन. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. घर असो की वखार, सारवणारे हात माझेच.

आता डहाणूत ती वखार फार कुणाला आठवत नाही. पूर्वी तिथे मुंबईला जाणारं गवत भरून ठेवत. नंतर मालक शेठनी ती गावाला वापरायला दिली, कमिटी नेमली, दारावर मोठ्या नावाची पाटी लावली. लोक वखारच म्हणत राहिले. पावसाळ्यात शे-दोनशे माणसं कोरडी बसतील एवढं छप्पर गावात दुसरं नव्हतं. सकाळी कचेरीतले साहेब जाळी बांधून बॅडमिंटन खेळत, दुपारी तालमीतले गडी येत, नवरात्रात गरबा होई, थंडीत नाटक मंडळी मुक्काम टाकी. डहाणू महाराष्ट्रात राहणार की गुजरातेत जाणार, याच्या सभाही तिथेच. एका दिवशी एका बाजूची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची, आणि तुम्ही दोघांना त्याच सतरंज्या अंथरायचात. सकाळी चुन्याच्या रेघा मारा, संध्याकाळी पुसा. चाव्या तुमच्या कमरेला. वखारीला लागून असलेली खोली आपली, तीही या कामामुळेच. त्याआधी तुम्ही स्टेशनवर गवताच्या गाठी उचलत होता आणि छातीत कळ यायची, हे मला ठाऊक होतं.

मला अक्षर तुमच्यामुळे आलं, तुम्हाला येत नव्हतं तरी. एकदा तुम्ही नाटकाची जाहिरात भिंतीवर उलटी चिकटवलीत. पोस्टमन सगळ्यांदेखत ओरडला, "काय हो, आज राजा डोक्यावर उभा राहून गाणार वाटतं!" तुम्हीही हसलात, पण दुसऱ्या दिवसापासून खळीचा डबा माझ्या हातात दिलात. आधी मी चित्रावरून सरळ-उलटं ओळखायची, मग अक्षरावरून, आणि वर्षभरात वाचायला लागले. कुणी शिकवलं नाही. भूक लागावी तसं झालं होतं मला.

सारवण झालं त्या दुपारी तुम्ही चिंचणीला आत्याकडे गेलात. हुतूतूच्या सामन्याला लोकांपुढे बांधायचा दोर कोळ्यांकडून आणायचा होता. जाताना बजावलंत, "दोन्ही दारं सताड उघडी ठेव. पाऊस आत आला तरी चालेल. जमिनीला वारा पाहिजे." नाटक मंडळी एक फाटकं पुस्तक विसरून गेली होती, पहिली पानंच नव्हती. उघड्या दारात वाचत बसले तर कुणीतरी म्हणणारच, "काम संपलं का बाईसाहेबांचं?" म्हणून मी दारं लावून घेतली आणि झडपेच्या उजेडाला बसले. दोन दिवस. तुम्ही यायच्या आधी दारं उघडली. तुम्ही वाकून जमिनीवर हात फिरवलात आणि म्हणालात, "सुकलंय." वरून सुकलंच होतं.

सामन्यात गंजाडचा एक गडी चढाईला आला. अजून तो मला दिसतो. दम धरून रेघेपर्यंत येतो, मागे वळतो, टाचेखाली सारवणाचा पापुद्रा सुटतो आणि खालच्या ओल्या मातीवरून पाय निसटतो. हाड मोडल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत आला. त्याला खाटेवर घालून नेलं. पाय नीट बसला नाही. त्या साली त्याच्या बायकोने एकटीने भात कापला, असं नंतर कानावर आलं.

लोक पांगल्यावर शेठनी तुम्हाला उभं केलं. कचेरीच्या शिपायाने दारं बंद पाहिली होती. शेठ म्हणाले, "दरवाजे कोणी लावले?"

"मी."

"तू तर चिंचणीला होतास ना?"

"जाताना लावून गेलो, शेठ. चूक झाली."

"भला माणूस तू, पण डोकं कुठे ठेवलं होतंस?"

तुम्ही कमरेच्या चाव्या सोडून टेबलावर ठेवल्यात. मी झाडू धरून खांबाशी उभी होते. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. खोली सोडायला आठ दिवस मिळाले. घरी आल्यावर मी तोंड उघडणार, तर तुम्ही म्हणालात, "भात वाढ." चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्ही पुन्हा गाठी उचलायला लागलात. लग्न होऊन मी तलासरीला गेले आणि दुसऱ्या पावसाळ्यात तुमचा निरोप आला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नवऱ्याजवळ हे कधी बोलले नाही. आता तोही नाही. घरात मी एकटी, आणि मोप पुस्तकं. कुठलंही उघडलं की आधी दाराकडे नजर जाते. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, आणि तुम्हाला ते वाचून दाखवणार कोण? ते काम माझंच होतं.

एक मात्र तुम्हाला कधी कळलं नाही. चाव्या सोडल्यात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टेशनकडे काम बघायला गेलात आणि मी शेठच्या घरी निघाले, खरं सांगायला. वाटेत कुणी कुठे चाललीस विचारू नये म्हणून हातात तांब्या घेतला. शेठाणीने दार उघडलं. मागे शेठ पाटावर जेवत बसलेले दिसत होते. तिने माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छास जोईए ने, दीकरी? लाव." मी तांब्या पुढे केला. दुपारी तुमच्या भातावर ते ताक वाढलं आणि शेजारून आणलं म्हणून सांगितलं.