भंडाऱ्याची मेंढी आणि आईचं कार्ड

आबा, आईच्या हृदयाची झडप बदलली. आता ती अंगणात बसून सुनेच्या भाकरीला नावं ठेवते आहे, म्हणजे बरी आहे. पण त्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात तिनं आम्हाला घाम फोडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उशीर केला तर आम्हालाही काही करता येणार नाही. आणि ही खाटेवर मांडी घालून बसलेली. "आदी सांग, कुणाची मेंढी इकली? तवर मी आत जायाची न्हाई."

मला कवठे महांकाळचा माळ आठवला. आपल्या चार-पाच घरांचा मेंढरांचा वाडा तिथं मुक्कामाला उतरायचा. दसऱ्याला तुम्ही एका कळपातली धडधाकट मेंढी निवडायचात, तिच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावायचात. ती आजाऱ्याची. वाड्यात कुणी आजारी पडलं तरच ती बाजारात जायची, त्या पैशातून औषधपाणी व्हायचं. बरं झालेल्यानं मेंढीच्या मालकाच्या दारात नारळ ठेवायचा, आणि पुढं एक कोकरू परत करायचं. माझ्या टायफॉइडला धाकट्या काकांची मेंढी गेली, तेव्हा तुम्ही मला त्यांच्या पायावर घातलं होतं.

"आगं, मेंढी न्हाई. सरकारचं कार्ड हाय," मी म्हणालो.

"सरकारकडं मेंढरं हायती व्हय?"

दवाखान्यातल्या सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावरची पोरगी हसली. मग तिनं शांतपणे समजावलं, की हे आधी पिवळ्या रेशनकार्डावर मिळायचं, मग केशरीवर, आता सगळ्यांनाच. कुणी पडलं की सगळ्यांच्या करातून खर्च होतो.

आई विचारात पडली. "म्हंजी वाडा लय मोठा झाला म्हण की. मग नारळ कुणाच्या दारात ठिवू?"

"आजी, कर माझे वडीलबी भरत्यात. ठेवा माझ्याच टेबलावर."

मला बाहेरून नारळ आणायला लावला. आईनं तो टेबलावर ठेवला, कंबरेच्या पिशवीतला भंडारा आधी कार्डाला लावला, मग पोरीच्या कपाळाला, आणि स्वतःच्या पायांनी स्ट्रेचरवर जाऊन आडवी झाली.

आता रोज विचारते, सरकार कोकरू न्यायला कवा येणार? मी हसतो.

तुम्ही तर देवाघरी, हा कागद कुठं पाठवणार? बिरोबाच्या देवळात बसून तुम्हाला वाचून दाखवेन म्हणतो. पण एक सांगायचं राहिलं. शेतीच्या जोडीला उरलेल्या आपल्या दहा-बारा मेंढरांतली एक मी पुढच्या आजाऱ्यासाठी निवडली आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. बायकोनं विचारलं तेव्हा लाजून म्हणालो, खरूज झाली आहे, औषध लावलंय.