अठ्ठावन्न मिनिटं आणि नऊ किलोमीटर

२ मार्च

चि. गुंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी, तेवीस तारखेला ठरलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात धोका आहेच. बाबांनी ऐकलं आणि दुकानात जाऊन गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून बसले. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या.

घड्याळाचं दुकान सोडून तू विमानतळावर वारा मोजायला गेलास, या घराची पायरी चढू नकोस असं ते म्हणाले, त्याला सहा वर्षं झाली. आता पुरे झालं रे. ऑपरेशनच्या आधी ये.

तब्येतीला जप, वाट पाहते.
ताई

६ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. इथल्या विमानतळापासून तिथल्यापर्यंत सरळ रेषेत चारशे बारा किलोमीटर. छोटं पंख्याचं विमान, दर शुक्रवारी एकच. वेळापत्रकात सव्वा तास लिहितात, पण त्यात धावपट्टीवरचं रेंगाळणं धरलेलं असतं. हवेत जेमतेम अठ्ठावन्न मिनिटं. वारा समोरून असला की चार-पाच वाढतात. सध्या समोरूनच आहे.

बाबांना गोळ्या वेळेवर दे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा गुंड्या

१० मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद (रागावून, पण आशीर्वादच).

अरे शहाण्या, मी विचारलं कधी येतोस, आणि तू अंतर कळवतोस! वारा समोरून आहे म्हणे! बाबाही तसेच. तुझं नाव काढलं की भिंग डोळ्याला लावतात. दोघं एकाच हाडाचे, आणि मधल्या मधे माझं भरीत.

मला भीती वाटते रे. त्यांचं काही बरंवाईट झालं, तर तू स्वतःला माफ करणार नाहीस. पुढचं काही सुचत नाही.
ताई

१४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ओरडू नकोस. काल मी आलो होतो. बरोबर अठ्ठावन्न मिनिटांत उतरलो. विमानतळापासून घर नऊ किलोमीटर, पण दाराबाहेर पाऊल पडेना. बाबांनी तोंड फिरवलं तर काय करू, हाच विचार. काचेशी उभा राहिलो, दोनदा पाणी प्यालो, आणि पाऊण तासाने त्याच विमानाने परतलो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

तरीही आपला म्हण.
गुंड्या

१७ मार्च

चि. गुंड्यास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मला माहीत आहे.” दर शुक्रवारी सुटे भाग आणायला म्हणून जातात ना, ते विमानतळावर जातात. सहा वर्षं! बाहेरच्या बाकावर बसून उतरणारी माणसं बघतात. गेल्या शुक्रवारी तू काचेआड दिसलास. खूप वाळलायस म्हणाले.

हाक का मारली नाही म्हणून मी कडाकडा भांडले. त्यावर एवढंच म्हणाले, की येऊ नकोस असं आपणच सांगितलेलं, आता कुठल्या तोंडाने बोलवायचं. आणि रडले रे. आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

या शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर येतेय. तू फक्त दाराबाहेर ये. शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत, आणि त्यांनी आजच दाढी केलीय.

तुझीच,
ताई