दहापैकी आठ

रविवार, १४ जानेवारी २००७

इथल्या मराठी मंडळाची संक्रांत. मुलांची एकपात्री स्पर्धा. परीक्षकांत एक, सेम्बावांगचा निशिकांत. पहिलं बक्षीस, निशिगंधा. निशिगंधा कोणाची? निशिकांतची. आमच्या इराला उत्तेजनार्थ. स्टीलचा डबा, झाकण बसत नाही.

निशिकांतने तिळगूळ पुढे केला. आजच्या दिवशी गोड बोलायचं असतं, म्हणून काहीच बोललो नाही. तिळगूळ मात्र पाच खाल्ले. उद्यापासून साखर बंद.

स्मिता म्हणते, इरा दोनदा वाक्यं विसरली आणि एकदा हसली. मुद्दा तो नाही. मुद्दा प्रक्रियेचा आहे. चौदा वर्षं बँकेत इंटर्नल ऑडिट केलेल्या माणसाला प्रक्रियेतला घोळ लांबून दिसतो. बायकोला जवळूनही दिसत नाही.

संकल्प: या विषयावर घरात पुन्हा बोलायचं नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

बोललो. स्मिताने टीव्हीचा आवाज वाढवला.

इराने जेवताना जाहीर केलं की तिला लायब्ररी क्लब सोडायचाय. गेलं वर्षभर शाळा सुटल्यावर ती पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवते आहे. आता चिअरलीडिंग. एकतीस मुली, जागा बारा, दहा फेब्रुवारीला निवड. मैत्रीण हुइ मिनबरोबर आमच्या इमारतीच्या, म्हणजे ब्लॉकच्या, खाली मोकळ्या जागेत सराव सुरूही झालाय.

मी ठाम विरोध केला. गुडघे, अभ्यास, संस्कृती, याच क्रमाने. मग विचारलं, निवड कोण करणार? म्हणाली, टीचर्स लाह. (वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची ही इथली सवय.) निकष काय? माहीत नाही. लेखी काही? नाही.

विरोध तत्काळ मागे घेतला. इथे माझी गरज आहे.

शुक्रवार, १९ जानेवारी

इराच्या मिस कोह यांना ईमेल केला. विषय: निःपक्ष मूल्यमापनासाठी विनामूल्य सल्ला. लांबी मोजून मापून, चार पानं. मिस कोह यंदाच शिक्षिका झाल्यात आणि चिअरलीडिंग त्यांच्या गळ्यात पडलंय, असं इरा म्हणाली. म्हणजे आधाराला आसुसलेल्या असणार.

आईला डोंबिवलीला फोन. चिअरलीडिंग म्हणजे काय रे, म्हणाली. लेझीम, फक्त हातात लेझीम नाही आणि वर मुलींचा मनोरा, असं सांगितलं. मग दहीहंडीच की, म्हणाली. इराचा नंबर पहिलाच येणार, असंही म्हणाली. पाहिलेलं काही नाही, तरी निकाल तयार. याला म्हणतात पूर्वग्रह. आईला समजावलं. ती म्हणाली, तू जेवलास का?

सोमवार, २२ जानेवारी

मिस कोहचं उत्तर आलं. एक ओळ. सूचनांबद्दल आभार, जमल्यास थोडक्यात पाठवाव्यात. 'जमल्यास' या शब्दातली अजिजी हृदयाला भिडली.

गुरुवार, २५ जानेवारी

बुकित पंजांगच्या घरापासून चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसपर्यंत म्हणजे बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. लोक कुरकुरतात. मी त्या प्रवासात बेचाळीस निकष तयार केले. उडीची उंची, उतरतानाचा आवाज, घोषणेतली स्पष्टता, हास्य नैसर्गिक की ओढूनताणून, हास्यात दिसणारे दात. प्रत्येक निकषाला गुण, प्रत्येक गुणाला व्याख्या.

पद्धत आधी घरी तपासावी म्हणून स्मिताच्या आमटीला बेचाळीस निकष लावले. रंग आणि उकळीचं सातत्य यात चांगले गुण पडले होते. ते तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. रात्री हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर नूडल्स खाल्ल्या. सोबत साखर घातलेली कॉफी. अपवाद म्हणून.

संकल्प: तपासणीसाठी घरचे विषय घ्यायचे नाहीत.

रविवार, २८ जानेवारी

मिस कोहने बेचाळीस निकषांचा एक निकष केला: प्रत्येक परीक्षकाने दहापैकी एक आकडा द्यावा. नव्या पिढीला खोली नाही. पण नियमावली माझ्याकडेच आहे. आज तेरा कलमं पूर्ण. भावी काळाला उपयोगी पडतील म्हणून मुख्य इथे उतरवतो.

कलम चार. परीक्षक पाचच. कमी नाहीत, जास्त नाहीत.

कलम पाच. प्रत्येक मुलीच्या पाच आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान वगळायचा. उरलेल्या तिन्हींची बेरीज धरायची. याने निशिकांत वृत्तीचा कायमचा बंदोबस्त होतो. दे किती द्यायचे ते लेकीला. गेले केराच्या टोपलीत.

कलम नऊ. निकालासोबत प्रत्येक परीक्षकाने प्रत्येकीला दिलेले गुण, परीक्षकाच्या नावानिशी, बोर्डावर लावायचे. लाज हा उत्तम लेखापरीक्षक आहे. (हे वाक्य ऑफिसातही वापरावं.)

कलम बारा. बेरीज सारखी झाली, तर जिच्या मोठ्या आणि लहान आकड्यांत अंतर कमी, तिची निवड. म्हणजे जिच्याबद्दल परीक्षकांचं एकमत आहे ती येईल, आणि जिच्यासाठी एखाद्यालाच उमाळा आलाय ती पडेल. हे लिहिताना डोळ्यांसमोर निशिकांतचा चेहरा होता. फार समाधान वाटलं.

कलम तेरा. कोणत्याही परीक्षकाला निकालाविरुद्ध दाद मागता येणार नाही. पुन्हा निशिकांत.

बुधवार, ३१ जानेवारी

सर्व कलमं मंजूर. मिस कोहने वाचली असावीत. तिने विनंती केली की त्या दिवशी मी फक्त बेरजा कराव्यात. परीक्षक सगळे शिक्षकच असतील. हो म्हणालो. सत्तेचा मोह नाही. बेरीज करणारा हाच खरा मालक.

इराला सांगितलं. तिने घास खाली ठेवला. बाबा प्लीज, तुम्ही येऊ नका, म्हणाली. मी म्हटलं, मी बाबा म्हणून येतच नाहीये. ती म्हणाली, पण दिसणार तर बाबाच ना.

लहान आहे. पद आणि व्यक्ती यातला फरक कळायला वय लागतं.

रविवार, ४ फेब्रुवारी

ब्लॉकखाली इरा आणि हुइ मिनचा सराव. मी योगायोगाने तिथेच पेपर वाचत होतो. इराच्या घोषणेतला आवाज आता दुसऱ्या ब्लॉकपर्यंत जातो. एका म्हाताऱ्या चिनी आजोबांनी पक्ष्याचा पिंजरा उचलून नेला. उडीनंतर डावं पाऊल वाकडं पडतं, ते तीनदा लक्षात आणून दिलं. चौथ्यांदा दोघींनी सराव थांबवला. हुइ मिन फारच नम्र मुलगी आहे. अंकल, यू गो अपस्टेअर्स रेस्ट लाह, म्हणाली.

वर आल्यावर स्मिता म्हणाली, पोरगी रोज पहाटे साडेपाचला उठून गॅलरीत हात ताणते, हे तुला माहीत आहे का? लायब्ररीत परत जायचं नाही म्हणते. माहीत नव्हतं. मी साडेपाचला उठत नाही.

संकल्प: उद्यापासून साडेपाच.

सोमवार, ५ फेब्रुवारी

साडेसात.

शनिवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळ

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

आठ वाजता शाळेच्या हॉलमध्ये पोहोचलो. मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे कापून परीक्षकांच्या मध्ये आडोसे उभे केले, म्हणजे कोणी कोणाची कॉपी करणार नाही. शिक्षक मंडळी एकमेकांकडे बघून हसत होती. ऑडिटरला हे नवीन नाही. मुलींना नावं नाहीत, फक्त चिठ्ठ्या टाकून दिलेले नंबर. सगळ्यांना काळा टीशर्ट. कोण कोणाची हे देवालाही कळू नये.

साडेआठला बातमी: पीटीच्या सरांना कांजिण्या. परीक्षक चार उरले. कलम चार उघडलं आणि मिस कोहच्या पुढ्यात धरलं. पाचच. हॉलमध्ये त्या घडीला मोकळा प्रौढ माणूस एकच होता.

ती म्हणाली, मग बेरजा परीक्षकांतल्याच गणिताच्या मॅडम करतील, आणि तुमच्या मुलीच्या वेळी तुम्ही गुण देऊ नका. मी नम्रपणे कलम पाच दाखवलं. चार आकड्यांतून दोन वगळले तर दोन उरतात. दोघांत कसली निःपक्षता? तिने घड्याळ पाहिलं, एकतीस मुली पाहिल्या. ओके लाह, म्हणाली. एनीवे, जास्त दिले तर थ्रो अवे होतील.

माझ्या प्रणालीवर तिचा किती विश्वास!

प्रत्येकीला तोलूनमापून गुण दिले. फक्त नंबर नऊच्या वेळी करी पफमधलं सारण मांडीवर सांडलं. पुसता पुसता जेवढं दिसलं त्यावर आठ देऊन टाकले.

नंबर तेवीस. कोण ते मी ओळखलं नाही. आडोशापलीकडे मला पाहून तिने डोळे मिटून घेतले, त्यावरून थोडा अंदाज आला. मग तिने डोळे उघडले, समोर भिंतीकडे पाहिलं आणि उडी मारली. डावं पाऊल सरळ पडलं. आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत आला. एकदा हात क्षणभर मागे राहिला, एवढंच.

मनात आकडा आला: आठ.

इथे सामान्य माणूस आठ लिहून मोकळा झाला असता. मी आत्मपरीक्षण केलं. बाप म्हणून मी तिच्याशी नेहमीच जास्त कडक असतो. तो कडकपणा नकळत या आकड्यात उतरला असणार. किती? अंदाजे दोन गुण. त्रुटी सापडली की दुरुस्त करायची, हेच आयुष्यभर केलं. आठ अधिक दोन.

दहा लिहिले. निशिकांतने जे केलं त्याला पक्षपात म्हणतात. याला करेक्शन म्हणतात.

येताना स्वतःसाठी आईस्क्रीम घेतलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

निकाल उद्या. ऑफिसात टीमला तेरा कलमांवर छोटंसं प्रेझेंटेशन दिलं. पन्नास मिनिटं. लाज हा उत्तम लेखापरीक्षक आहे, हे वाक्य फार चाललं. निदान कोणी हरकत घेतली नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

अकरा जणी सरळ निवडल्या गेल्या. बाराव्या जागेसाठी दोघींची बेरीज सारखी. नंबर नऊ आणि नंबर तेवीस.

कलम बारा लागलं.

निवड: नंबर नऊ. हुइ मिन.

इरा खोलीत. दार बंद. मी दाराबाहेरून समजावलं की प्रक्रिया निर्दोष होती. स्मिता म्हणाली, दारापासून लांब हो.

बुधवार, १४ फेब्रुवारी

इरा बोर्डावरचे गुण वहीत उतरवून आली होती. कलम नऊ. जेवणाच्या टेबलावर वही माझ्यासमोर सरकवली.

हुइ मिन: नऊ, आठ, आठ, आठ, सात. नऊ आणि सात वगळले. बेरीज चोवीस. अंतर दोन.

इरा: आठ, आठ, आठ, सात. आणि दहा. दहा आणि सात वगळले. बेरीज चोवीस. अंतर तीन.

दहाच्या पुढे कंसात, नियमाप्रमाणे, माझं पूर्ण नाव.

मी म्हटलं, बघ, माझे दहा धरलेच नाहीत. म्हणजे प्रणाली किती उत्तम. तिने पेन घेतलं, दहा खोडले, तिथे आठ लिहिले. बेरीज चोवीसच. अंतर एक.

"तिघांनी आठ दिले, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही फक्त नॉर्मल राहायचं होतं."

वर्गातल्या सगळ्या मुलींनी बोर्ड वाचलाय, असंही म्हणाली. तिला आता तिथे 'टेन' म्हणतात.

मनात आठच आले होते, हे तिला सांगावं असं एकदा वाटलं. सांगितलं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मिस कोहला अपील पाठवलं. सहा पानं. मुख्य मुद्दा: कलम बारा मुळातच सदोष असून ते बनवणाऱ्याचा हेतू तपासावा.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

उत्तर आलं. कलम तेराची प्रत जोडली होती. खाली लिहिलं होतं की पद्धत फारच उपयोगी ठरली, पालकांच्या एकाही पक्षपाताचा निकालावर परिणाम होऊ शकला नाही, पुढच्या वर्षीही हीच वापरू. शिवाय इरा राखीव क्रमांक एक. सरावाच्या दिवशी चटया अंथरायला आणि गुंडाळायला येऊ शकते.

इरा हो म्हणाली. सोमवारी लायब्ररी, शुक्रवारी चटया.

'पालकांच्या' हे अनेकवचन आहे की आदरार्थी एकवचन, यावर बराच वेळ विचार केला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

चिनी नववर्षाची सुट्टी. हुइ मिन दोन संत्री घेऊन आली, रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी दिली. स्मिताने निशिकांतलाही जेवायला बोलावलेलं, मला न विचारता. तो निशिगंधाने केलेले लाडू घेऊन आला. चांगले होते. चार खाल्ले.

जेवण झाल्यावर इराने एक कागद काढला. वर 'बाबा', खाली पाच रकाने. तिने परीक्षकांच्या मध्ये पुठ्ठ्याचे आडोसेसुद्धा लावले. माझेच, शाळेने परत पाठवलेले. मी म्हटलं, निकष काय? इराने पेनं वाटली.

स्मिता: चार. निशिकांत: पाच. मी त्याच्याकडे पाहिलं, तर म्हणाला, अरे, मंडळात मी निशिगंधाला सहाच दिले होते, बाकी दोन परीक्षकांनी नऊ-नऊ दिले, तुला माहीत नव्हतं? हुइ मिन: आठ. अंकल गिव्ह मी एट, आय गिव्ह बॅक एट, म्हणाली. इरा: तीन.

पाचच परीक्षक हवेत, म्हणून डोंबिवलीला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि क्षणाचाही विचार न करता दहा दिले.

इराने सर्वांत मोठा आकडा खोडला. आईचे दहा. सर्वांत लहान खोडला. स्वतःचे तीन. तीसपैकी सतरा. कागद फ्रिजवर लावला, परीक्षकांच्या नावांनिशी.

तुझे दहा धरले नाहीत, असं आईला फोनवर सांगितलं. नियम कोणी केला म्हणाली. मी केला म्हटलं.

आई म्हणाली, "मेल्या, आधी सांगायचंस. आठ दिले असते."