पेनाचा दोष

सुरत

पूज्य बा,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर दोष पेनाला दे, मी मजेत आहे.

कारखान्यात काम भरपूर आहे. फक्त जेवणाच्या आधी हात थरथरतात आणि घाम सुटतो. काल त्यातच एका हिऱ्याचा कोपरा उडाला. हिरे घासायच्या चाकावर, घंटीवर, माझ्या शेजारी बसणारे खीमजीकाका म्हणाले, "लवजी, हिरा घासतोस की खोबरं किसतोस?" मग स्वतःचा अर्धा गोड चहा त्यांनी बशीत ओतून मला पाजला, तेव्हा कुठे हात थांबले.

डॉक्टरांनी रविवारी रक्त तपासायला बोलावलंय, तेही उपाशीपोटी. रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी आधीपासूनच साखर सोडली होती. काका म्हणाले, "अरे, परीक्षा रक्ताची आहे, तू कसली घोकंपट्टी करतोस?"

म्हैस व्याली का? तू कशी आहेस, तुझा गुडघा कसा आहे?

बापूजींचा पाय कापून टाकायची वेळ आली, त्याच्या आधी त्यांचेही हात असेच थरथरायचे का? सहज विचारतोय.

पेन चांगलंच आहे, बा. जेवणाचा डबा अजून यायचाय.

तुझा लवजी