मागे बघायचं नाही

२ मे, शनिवार
ठरलं. धरणावरच्या क्लबमध्ये विंडसर्फिंग शिकवायला एक माणूस घ्यायचाय. उमेदवार दोन, मी आणि देवव्रत. क्लब चालवणारे ढुंढिराज सर म्हणाले, मुलाखत वगैरे काही नाही, सतरा तारखेच्या शर्यतीत तुमच्या दोघांत जो पुढे येईल त्याला नोकरी. इतकं न्यायाचं जगात काही उरलंय हे वाचून बरं वाटतं. (मीच लिहिलंय, तरीही.)
बी.ए. झाल्यावर पप्पांनी मनासारखी नोकरी शोधायला एक वर्ष दिलं होतं. ते याच महिन्यात संपतं. नोकरी नाही मिळाली तर सिन्नरच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कंपनीत हजेरी घ्यायची. तिथे पप्पांनी शब्द टाकून ठेवलाय.
आजपासून : पाचला उठणे. चहा बंद. फोन फक्त कामापुरता.

३ मे, सकाळी ८.४०
पाचला जाग आली होती. उठायचं तेवढं राहिलं. चहा घेतला, नाहीतर दूध नासलं असतं.

६ मे
मोठी बातमी. शर्यतीची सुरुवात माझ्या हातात!
शिडाचे सत्तर बोर्ड एका रेषेवरून एकदम सोडले की शिडात शीड अडकतं, भांडणं होतात. म्हणून सर वेगळी पद्धत आणतायत. एक बोर्ड सगळ्यांच्या समोरून आडवा जातो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच्या मागे चिकटून मोटरबोट. ती ज्याच्या समोरून गेली, तो लगेच तिच्या मागून सुटायला मोकळा. म्हणजे सुरुवातीची रेषाच पाण्यावरून चालत जाते. कुणाला धक्का नाही, कुणावर अन्याय नाही. पुढच्या बोर्डवाल्याला म्हणतात पाथफाइंडर. ती मी.
मलाच का, ते विचारलं. सर म्हणाले, पाथफाइंडर फार वेगवान नको, फार हळू पण नको, आणि सगळ्यांत तुझा वेग बरोबर मधला आहे. थोडक्यात, माझ्याएवढी संतुलित व्यक्ती क्लबमध्ये दुसरी नाही.
पप्पांना फोन केला. पप्पा सिन्नर-नाशिक जीप चालवतात. त्यांनी गाडीतल्या सगळ्या पॅसेंजरना तिथल्या तिथे सांगितलं की आमची ओवी सगळ्यांच्या पुढं राहणार.

७ मे
माहेनूर माझी रूममेट, नर्सिंगला आहे, तिला सगळ्यातच शंका. म्हणे, सगळे तुझ्या मागून सुटणार, पण मग तू शर्यतीत कधी येणार? तिला नीट समजावलं. शेवटचा बोर्ड सुटला की मला सिग्नल मिळतो, मग मी वळते आणि शर्यतीत येते. तोवर जेवढं गेले ते अंतर फुकट जात नाही, त्याच दिशेला जायचं असतं. सर म्हणतात पाथफाइंडरचा काडीचा तोटा होत नाही.
ती म्हणाली, सिग्नल कसला?
तेच सर सांगत होते तेव्हा पप्पांचा फोन आला. विचारून घेईन.

११ मे
सराव. चारदा पडले. मागे बघते म्हणून शीड हलतं, असं सर ओरडून म्हणाले. नवा नियम : मागे बघायचं नाही. मोठी माणसं मागे बघत नाहीतच.
देवव्रत एकदाही पडला नाही. त्याच्यात जोखीम घ्यायची वृत्ती कमी.

१४ मे
सिग्नलचं विचारायला क्लबवर गेले. सर देवव्रतशी बोलत होते. पाथफाइंडरनेच असलं बाळबोध विचारलं तर बरं दिसणार नाही. परत आले. सिग्नल सिग्नलसारखाच असणार.
चहा तीनदा.

१६ मे
जेवण गेलं नाही. माहेनूरने नाडी बघितली. मी विचारलं, जोरात चाललीय का? ती म्हणाली, अगं, सिग्नलचा काय एवढा मोठा इश्यू आहे, सकाळी विचारून घे ना सरांना. ती चांगली आहे, पण तिच्या घरात तीन जण शिकलेले. मी हरले तर आमच्या घरात शिकण्यालाच नाव ठेवतील. तिला ते कळायचं नाही.

१७ मे, रविवार, सकाळी ९.५०
वारा छान. आई-पप्पा जीप भरून आलेत, निम्मा स्टँड उचलून. पप्पा म्हणाले, “ओवे, मागं नको बघू. आमी हाय मागं.” देवव्रत सत्तर जणांच्या रांगेत कुठेतरी. त्याने ऑल द बेस्ट म्हटलं. त्याचा आवाज कापत होता. (किंवा माझे कान.)

दुपारी १२.१५, पलीकडचा काठ
फोन पाऊचमधून काढून लिहितेय. सगळं अचूक झालं. एकदाही पडले नाही. एकदाही मागे बघितलं नाही. सुरुवातीला मोटरबोटचा आवाज पाठीशी होता, नंतर तोही मागे पडला. काठावरून लोकांनी तीनदा लांबलचक भोंगा वाजवला. आपल्याकडे या खेळाला असे दर्दी मिळतील असं वाटलं नव्हतं.
सिग्नल अजून नाही. पाणी संपलं म्हणून थांबले. आता मागे वळून बघितलं तर कुणीच नाही. एवढी आघाडी मलाही अपेक्षित नव्हती.
म्हशी धूत असलेल्या एका काकांनी विचारलं, हरवली का गं? नाही म्हटलं, शर्यत चालू आहे. त्यांनी धरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

१२.४०
मोटरबोट येतेय. सर उभे आहेत. हात हलवतायत. बहुतेक अभिनंदन.

१९ मे
देवव्रत त्रेपन्नावा आला. नोकरी त्याला. त्रेपन्नावा.
सर म्हणाले, सुरुवात मात्र आजवरची सगळ्यांत स्वच्छ, सत्तरातल्या एकाचीही तक्रार नाही. पुढच्या वर्षीही तूच कर.
आईने सगळा व्हिडिओ काढलाय, फक्त माझाच. आज पूर्ण बघितला. मी लहान लहान होत जाते. मोटरबोट थांबते. भोंगा वाजतो. माझ्या मागे सगळे बोर्ड उजवीकडे वळून खुणेच्या तरंगत्या लाल बोयाकडे निघतात, मी सरळच. पुन्हा भोंगा. आईचा आवाज : “कोण वाजवतंय मगाधरनं? पोरीचं ध्यान जाईल ना.” तिसरा भोंगा. मग पप्पा, स्टँडवाल्यांना : “बघा, हाय का कोणी जवळपास तिच्या?”
पप्पा आज म्हणाले, एमआयडीसीवाल्यांना फोन केलाय.
पहिली पाळी सातची. पाचला उठावं लागेल.